मस्कतचे फिलिपिनो शेजारी आणि त्यांचं पन्नास खाटांचं रुग्णालय

सागरवेळ (धागाकर्ती)

मस्कतला रुवीमध्ये आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक फिलिपिनो कुटुंब बरीच वर्षं राहत होतं. ती डॉक्टर, तो आयसीयूत नर्स, एक मुलगी, एक मुलगा. कोविड ओसरल्यावर त्यांनी बिऱ्हाड आवरलं आणि ते परत गेले. ती आता फिलिपिन्समधल्या क्वेझॉन प्रांतात एका पन्नास खाटांच्या सरकारी रुग्णालयाची प्रमुख आहे. गेल्या डिसेंबरात आम्ही त्यांच्याकडे जाऊन राहिलो. परदेशातून परतलेल्या डॉक्टरांवर आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात त्यागाचे गोडवे खूप असतात. घरखर्च, मुलांची शाळा, कुठल्या कागदावर कोणाची सही लागते, हे कुणी लिहीत नाही. मला त्याबद्दल लिहायचंय. दोक्तोराला (तिला सगळे अशीच हाक मारतात) विचारून लिहितेय, नाव-गाव मात्र देत नाही.

आखातात राहिलेल्या आपल्या लोकांना फिलिपिनो माणूस रोज भेटतो, पण तो तिथे कसा पोचला हे फारसं ठाऊक नसतं. परदेशी कामाला माणसं पाठवणं हे तिकडे सरकारचं धोरणच आहे. १९७४ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले मार्कोस यांच्या राजवटीत कामगार कायदा आला आणि आखातातल्या तेलाच्या पैशाकडे माणसं पाठवायची यंत्रणा उभी राहिली. १९९५ मध्ये सिंगापूरला फ्लोर कोन्तेम्प्लासियोन या घरकाम करणाऱ्या बाईला फाशी झाली, देश पेटून उठला आणि त्याच वर्षी परदेशी कामगारांच्या संरक्षणाचा कायदा झाला. २०२१ च्या शेवटी तर त्यांच्यासाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापन करायचा कायदा झाला. २०२३ मध्ये परदेशातून घरी आलेला पैसा सुमारे ३७ अब्ज डॉलर होता. म्हणजे आमचे शेजारी सुट्टीवरून परत कामावर निघाले की मनिलाच्या विमानतळावर त्यांचा एक वेगळा सरकारी दाखला तपासला जायचा. 'मी नोकरीसाठी चाललोय' याची नोंद घेणारी एवढी मोठी व्यवस्था, पण 'मी कायमचा परत आलोय' म्हणणाऱ्याचं पुढे काय, याचं उत्तर ज्याचं त्याने शोधायचं.

या दोघांनी ते निघण्याआधीच शोधून ठेवलं होतं. दोक्तोरा मूळची 'डॉक्टर्स टू द बॅरिओज' योजनेतली. १९९३ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री हुआन फ्लाविएर यांनी ही योजना सुरू केली. ज्या गावांत एकही सरकारी डॉक्टर नव्हता तिथे तरुण डॉक्टरांना दोन वर्षांसाठी पाठवायचं, अशी ती योजना. तिने दोन वर्षं काढली, मग लग्न झालं, वडिलांचं डायलिसिस सुरू झालं, धाकट्या भावाच्या कॉलेजची फी आली, आणि दोघांनी मस्कत गाठलं. कधी परतायचं तेही ठरलेलं होतं: थोरली सातवीत जायच्या आधी. तिकडे सातवीपासून हायस्कूल सुरू होतं, त्याआधी मुलं परत नेली तर रुळतात, असा तिचा हिशेब होता.

त्यामुळे त्यांच्या घरात जड काही नव्हतं. सोफा भाड्याच्या घराबरोबर आलेला, पडदे आधीच्या भाडेकरूचे. दारामागे मात्र कायम एक मोठं खोकं उघडं असायचं. घरी पाठवायच्या वस्तूंनी महिनोन्‌महिने भरत जाणारं हे खोकं प्रत्येक फिलिपिनो घरात दिसतं. कॉर्न्ड बीफचे डबे, साबण, टॉवेल, चॉकलेटं. यांच्या खोक्यात तळाशी रक्तदाब मोजायच्या पट्ट्या आणि साखर तपासायच्या स्ट्रिप्स असायच्या, तिच्या जुन्या आरोग्य केंद्रासाठी. स्ट्रिप्सची मुदत बोटीच्या प्रवासात संपू नये म्हणून ती खोकं बंद करायच्या आदल्या दिवशी त्या आणायची.

आता रुग्णालयाबद्दल. १९९१ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने फिलिपिन्समधली बहुतेक सरकारी रुग्णालयं केंद्राकडून प्रांतांकडे गेली, गावपातळीवरची आरोग्य केंद्रं नगरपालिकांकडे. म्हणजे दोक्तोराचा वरिष्ठ कुणी डॉक्टर नाही, तो निवडून आलेला गव्हर्नर. दर तीन वर्षांनी निवडणूक. औषध खरेदी, नेमणुका, जनरेटरचं डिझेल, सगळं प्रांताच्या कार्यालयातून. ती सर्जरी शिकलेली नाही, आणि आठवड्यातला निम्म्याहून जास्त वेळ ती रुग्णच तपासत नाही. तिच्या टेबलावर खरेदीच्या फायली असतात. पहिल्या दिवशी मला वाटलं की एवढ्या शिकलेल्या डॉक्टरचा वेळ कागदांत जातोय. चार दिवस तिच्याबरोबर हिंडल्यावर कळलं की ते कागद वेळेवर हलले नाहीत तर रात्री बाळंतपणाला आलेल्या बाईला ऑक्सिटोसिन (बाळंतपणातला रक्तस्राव रोखायचं औषध) मिळत नाही.

एक वही मी नीट पाहिली. त्यात तिच्या नर्सेसची नावं आणि पुढे पेन्सिलीने लिहिलेले महिने. कोण जर्मनीला जाणार, कोणाची ब्रिटनची इंग्रजी परीक्षा झाली, कोणाचा सौदीचा करार आला. तिने रुजू झाल्यावर सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं, 'मीही गेले होते, तुम्हाला अडवणार नाही. फक्त लपवू नका. सहा महिने आधी सांगा, म्हणजे तुमच्या जागी कुणाला तरी शिकवता येईल.' त्याआधी मुली शेवटच्या आठवड्यात राजीनामा द्यायच्या, कारण आधी सांगितलं तर रात्रपाळ्या लागतील अशी भीती होती. आता प्रसूतिगृहातली परदेशी जाणारी नर्स निघण्याआधी दोघींना तयार करते.

या वहीमुळे मला वाटलं की इथे धागा काढावा. परत आलेला एक डॉक्टर किती चांगला आहे, यावर आपण बोलत राहतो. ज्या रुग्णालयात निम्मी माणसं वर्षा-दोन वर्षांत जाणार हे नक्की आहे, ते रुग्णालय चालू कसं ठेवायचं, हा प्रश्न आपल्या ग्रामीण रुग्णालयांचाही आहे. तुमचे अनुभव लिहा.

सांगलीची_सिस्टर

सुंदर लिहिलंय ताई. मी इंग्लंडमध्ये आहे, वॉर्डात निम्म्या फिलिपिनो, बाकी केरळच्या आणि आम्ही दोघी-तिघी मराठी. ८ डिसेंबर २०२० ला कोव्हेंट्रीच्या रुग्णालयात चाचण्यांबाहेरची जगातली पहिली फायझर लस टोचली ती मे पार्सन्स या फिलिपिनो सिस्टरने. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये त्या सगळ्या रडत होत्या. अमेरिकेतली दुसरी बाजूही लिहिते: तिथल्या नर्सेसमध्ये फिलिपिनो साधारण चार टक्के, पण २०२० च्या सप्टेंबरपर्यंत कोविडने गेलेल्या नर्सेसमध्ये जवळजवळ एक तृतीयांश त्याच होत्या. तिथल्या नर्सेसच्या संघटनेनेच ही मोजणी केली होती. आयसीयूत, वृद्धाश्रमांत, जिथे बाकीचे जायला नको म्हणतात तिथे त्या असतात.

वहीबद्दल. मी मिरजेला एका रुग्णालयात असताना परदेशी परीक्षेची पुस्तकं कपाटात कुलूपबंद ठेवायचे. मेट्रनला कळलं तर मूळ प्रमाणपत्रं परत मिळणार नाहीत, अशी अवस्था होती. कुणी 'सांगून जा' म्हटलं असतं तर मी नक्की सांगितलं असतं आणि माझ्या जागी आलेल्या मुलीला डायलिसिस मशीन नीट शिकवून गेले असते. ती बिचारी माझ्या जाण्यानंतर आठवडाभराने आली.

निरुत्तर

लेख चांगला आहे, पण एक सावधगिरी. 'परत आले' या कथांचा उपयोग न परतणाऱ्यांना अपराधी ठरवायला होतो. २००४ चं उदाहरण देतो. फिलिपिन्सच्या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेत देशात पहिला आलेला एल्मर हासिन्तो. बासिलान बेटावरचा, म्हणजे जिथे बंडखोरी, अपहरणं, गरिबी सगळंच. त्याने जाहीर केलं की तो अमेरिकेला जाणार, डॉक्टर म्हणून नाही तर नर्स म्हणून. देशभर गदारोळ झाला, वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. तो एकटा नव्हता. त्या दशकात हजारो डॉक्टरांनी नर्सिंगची पदवी घेतली, कारण अमेरिकेत नर्स म्हणून प्रवेश लवकर मिळायचा आणि पगार गावच्या डॉक्टरपेक्षा कितीतरी पट जास्त.

पुढचा भाग कमी लोकांना माहीत आहे. न्यूयॉर्कला गेल्यावर त्याला आणि त्याच्यासारख्या इतरांना वचन दिलेल्या अटींवर काम मिळालं नाही. २००६ च्या एप्रिलमध्ये लाँग आयलंडवरच्या एका शुश्रूषागृहातून दहा फिलिपिनो नर्सेसनी एकदम राजीनामे दिले. कामाची पाळी संपल्यावर दिले, पाळी अर्धवट टाकून नाही. तरी त्यांच्यावर आणि त्यांच्या वकिलावर फौजदारी खटला भरला गेला, रुग्णांचा जीव धोक्यात घातला म्हणून. २००९ च्या जानेवारीत अपील न्यायालयाने तो खटला थांबवला. सक्तीच्या श्रमाला बंदी घालणाऱ्या अमेरिकन राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीचा आधार न्यायालयाने घेतला. नोकरी सोडायचा हक्क मिळवायला या माणसांना जवळजवळ तीन वर्षं झगडावं लागलं. म्हणून म्हणतो, जाणारा आणि परतणारा दोघांनाही मोकळीक हवी. दोक्तोराची वही मला याच कारणासाठी आवडली.

सागरवेळ (धागाकर्ती)

निरुत्तर, पूर्ण सहमत. दोक्तोरा स्वतः न परतणाऱ्यांबद्दल कधी वाकडं बोलली नाही. तिची सख्खी बहीण कॅनडात आहे आणि या रुग्णालयातल्या दोन मुलांच्या हृदय शस्त्रक्रियांचा मनिलाचा खर्च तिनेच मैत्रिणींकडून गोळा केला. सिस्टर, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवते.

जुनी_पानं

फिलिपिन्समधली रुग्णालयं म्हटलं की मला फे देल मुंदो आठवतात. १९११ चा जन्म, मनिलाच्या फिलिपिन्स विद्यापीठातून डॉक्टर. राष्ट्राध्यक्ष क्वेझॉन यांनी देऊ केलेल्या शिष्यवृत्तीवर त्या १९३६ मध्ये बोस्टनला गेल्या, बालरोग शिकल्या आणि १९४१ मध्ये परतल्या. लगेच जपानी आक्रमण झालं. सान्तो तोमास विद्यापीठाच्या आवारात जपान्यांनी परदेशी नागरिकांना डांबलं होतं, तिथल्या मुलांसाठी त्यांनी आश्रयस्थान चालवलं. १९५७ मध्ये त्यांनी क्वेझॉन सिटीत देशातलं पहिलं लहान मुलांचं रुग्णालय उभं केलं. त्यासाठी राहतं घर विकलं, सरकारी विमा संस्थेकडून कर्ज घेतलं, आणि मग त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहिल्या. १९७७ मध्ये मॅगसेसे पुरस्कार, १९८० मध्ये राष्ट्रीय वैज्ञानिकाचा मान. नव्वदी ओलांडल्यावरही चाकाच्या खुर्चीतून रुग्ण बघायच्या. २०११ मध्ये गेल्या. खेड्यात वीज नसते म्हणून त्यांनी बांबूच्या टोपल्यांचा इन्क्युबेटर केला होता: मोठ्या टोपलीत छोटी टोपली, मधल्या जागेत गरम पाण्याच्या बाटल्या.

पण एक सांगतो, देल मुंदोंनी लग्न केलं नाही, घर विकायला त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. सागरवेळ यांच्या शेजारणीचं काम मला त्या अर्थाने जास्त अवघड वाटतं. तिच्या निर्णयात चार माणसं आहेत.

खेड्यातला_डॉक्टर

मी बीड जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात अधीक्षक आहे. तीस खाटा कागदावर, पावसाळ्यात पंचेचाळीस रुग्ण. धागा वाचून बरं वाटलं, कारण आमच्या कामाचं वर्णन असं कुणी करत नाही. माझ्याही टेबलावर फायली. एक्स-रे मशीनची देखभाल, रुग्णवाहिकेच्या डिझेलची बिलं, वर्ग चारची रजा, शवविच्छेदनाचे अहवाल, आमदारांचा फोन.

आपल्याकडे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की वर्षभराचा बॉन्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा. मुलं येतात, पण पुढच्या परीक्षेचा अभ्यास करत वर्ष काढतात. मी त्यांना दोष देत नाही. फिलिपिन्समध्ये मला जास्त भावलेला प्रयोग वेगळाच आहे. लेयते बेटावर फिलिपिन्स विद्यापीठाचं एक आरोग्यविज्ञान विद्यालय आहे, १९७६ मध्ये सुरू झालेलं. गाव आपली मुलगी निवडून पाठवतं. ती आधी सुईण होते, गावात जाऊन काम करते, गावाने पुन्हा शिफारस केली तर परत येऊन नर्स होते, आणि तशीच पुढे डॉक्टर. मध्ये कुठेही थांबली तरी हातात काम असतं. बॉन्डने बांधण्यापेक्षा हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण मुलीचं गावाशी नातं तुटत नाही.

सहकुटुंब परदेशी जाऊन ठरवून परत येणाऱ्यांची आपली परंपराही आहे, ती इथे नोंदवतो. रजनीकांत आणि मेबल आरोळे वेल्लोरला शिकले, अमेरिकेत गेले, जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला आले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं ते मनिलामध्येच. अभय आणि राणी बंगही हॉपकिन्सहून परतले आणि गडचिरोलीत उभे राहिले. जामखेडची खरी ताकद रुग्णालयात नव्हती, गावातल्या निरक्षर आरोग्य सेविकांमध्ये होती. तुमच्या दोक्तोराकडे गावपातळीवर कोण आहे?

सागरवेळ (धागाकर्ती)

डॉक्टर, आहेत ना. प्रत्येक बारांगायमध्ये (आपली वाडी म्हणा) आरोग्य स्वयंसेविका असतात, आपल्या आशांसारख्या, मानधन अगदी तुटपुंजं. पण त्या नगरपालिकेच्या हाताखाली आणि रुग्णालय प्रांताच्या. एकाच रस्त्यावर दोन मालक. दोक्तोराने एक साधी गोष्ट केली: दर महिन्याला त्यांच्यासाठी रुग्णालयात जेवण ठेवलं. अजेंडा काही नाही, भात आणि मासे. जेवताना कळतं की कुठल्या वस्तीत बाळंतपण घरी झालं, कुठल्या नदीवरचा पूल वाहून गेलाय आणि कोण क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडून मनिलाला कामाला गेलाय. हे तिला प्रांताच्या कुठल्याच अहवालातून कळलं नसतं.

दावाओरिटर्न

मी नाशिकचा, दक्षिण फिलिपिन्समधल्या दावाओला एमडी केलं. (तिथे आधी बीएस आणि मग चार वर्षांचं एमडी, त्यामुळे इथे परवान्याच्या परीक्षेला बसताना सगळी कागदपत्रं दोनदा समजावून सांगावी लागतात.) तिथेच, मिंडानाओ बेटावर इंटर्नशिप करताना सरकारी रुग्णालय जवळून पाहिलं. प्रत्येक खाटेजवळ घरचं एक माणूस. सलाइन संपलं की सिस्टरला हाक मारणं, औषध आणणं, रात्री पंखा धरणं, सगळं त्याने करायचं. आपल्या सिव्हिलमध्ये जसं असतं अगदी तसंच.

तिथल्या डॉक्टरांच्या सुरक्षेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १९८२ मध्ये सामारमध्ये डॉ. रेम्बेर्तो 'बॉबी' दे ला पास यांना त्यांच्या दवाखान्यातच गोळ्या घातल्या. ते आणि त्यांची डॉक्टर पत्नी मनिला सोडून गरिबांसाठी तिथे गेले होते. २०१७ च्या १ मार्चला लानाओ देल नोर्तेमध्ये डॉ. ड्रेफस पेर्लास यांना मारलं. तेही 'बॅरिओज' योजनेतून आलेले, मुदत संपल्यावर तिथेच राहिलेले. आम्ही तेव्हा विद्यार्थी होतो. वर्गातल्या ज्या दोघींनी त्या योजनेत जायचं ठरवलं होतं, त्यांच्या घरच्यांनी विरोध सुरू केला. एक गेली, एक नाही गेली. दोघींचंही मला पटलं.

सागरवेळ, बिलाचं काय होतं तिकडे? मी पाहिलेलं फार त्रासदायक होतं.

सागरवेळ (धागाकर्ती)

बिलाचं लिहायचं राहिलंच होतं, बरं विचारलंत.

घरी सोडायची खिडकी म्हणून एक काउंटर आहे. सकाळी तिथे मी तासभर बसले. एका मच्छीमाराची बायको होती, नवऱ्याला न्यूमोनिया झालेला, आता बरा. विम्याने बहुतेक रक्कम भरली, थोडी राहिली. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत तीन कागद: एक समाजकल्याण कार्यालयाचा, एक नगराध्यक्षांच्या कार्यालयाचा, एक खासदारांच्या कार्यालयातलं, उरलेलं बिल भरायचं हमीपत्र. प्रत्येकासाठी तिने वेगळी रांग लावली होती, एका दिवसाची मजुरी बुडवून जीपनीने (तिकडची वडाप) जाऊन. २००७ च्या कायद्याने पैसे न भरल्याबद्दल सर्वसाधारण वॉर्डातल्या रुग्णाला अडवून ठेवता येत नाही, वचनचिठ्ठी लिहून घेऊन सोडावं लागतं. पण कायदा माहीत असूनही लोक आधी हमीपत्राच्या मागे जातात, कारण वचनचिठ्ठी म्हणजे कर्ज आणि गावात कर्जाची लाज वाटते. बदल्यात ज्याने हमीपत्र दिलं त्याचं नाव घरात लक्षात राहतं, तीन वर्षांनी मत देताना.

दोक्तोराने त्या काउंटरवर समाजसेविकेची खुर्ची आणून ठेवली. रुग्ण दाखल होतो त्याच दिवशी तिथे कागद सुरू होतात, सोडायच्या दिवशी नाही. पैसे तेच, नियम तेच, पण बऱ्याच घरांचे एक-दोन दिवस वाचतात. यासाठी प्रांताच्या कार्यालयात तिला कितीतरी पत्रं लिहावी लागली, कारण ती खुर्ची 'सामाजिक विभागाच्या जागेत' असायला हवी होती.

२०२५ च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस (धाकटे) यांनी जाहीर केलं की केंद्रीय आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत साध्या वॉर्डात रुग्णाला काहीच भरावं लागणार नाही. फार मोठी गोष्ट. पण प्रांतांच्या रुग्णालयांना ती घोषणा आपोआप लागू झाली नाही. लोक टीव्हीवर ऐकून येतात आणि विचारतात, मग इथे का भरायचं? तो प्रश्न ऐकायला खिडकीवरचा कारकून असतो, घोषणा करणारे नसतात. ती स्वतः जाऊन उभी राहते अशा वेळी.

चाफेकळी

मला मुलांबद्दल आणि नवऱ्याबद्दल वाचायचंय. बाई प्रमुख झाली, त्याचं काय झालं? आमच्या घरात उलट झालं होतं, नवऱ्यासाठी दोहा सोडून मी परतले आणि माझी नोकरी कायमची गेली, म्हणून विचारते.

सागरवेळ (धागाकर्ती)

चाफेकळी, हा प्रश्न कुणीतरी विचारावा असं वाटतच होतं.

तो एकदम परतला नाही. ती आणि मुलं आधी गेली, तो मस्कतला दोन वर्षं मागे राहिला, कारण प्रमुखाच्या सरकारी पगारात घराचं कर्ज आणि तिच्या वडिलांचा खर्च भागत नव्हता. त्या काळात आमच्याकडे शुक्रवारी जेवायला यायचा. सुकं बोंबील आणि भात त्याच्या फार आवडीचा, त्यांच्याकडे तसाच सुकवलेला मासा खातात. जेवण झालं की फोन लावून मुलाचं गणित घ्यायचा. शेवटी वडील गेले, कर्ज आटोक्यात आलं आणि तोही निघाला.

तिच्या रुग्णालयात आयसीयूचा अनुभव असलेला एकही माणूस नव्हता, आणि घरात होता. पण प्रमुखाच्या नवऱ्याला तिथे नेमता येत नाही, नातेवाइकांच्या नेमणुकीवर सरकारी बंधन आहे. काही लोक वाटा काढतात. तिने काढली नाही. तो आता तासाभराच्या अंतरावर नर्सिंग कॉलेजात शिकवतो आणि त्याच्या वर्गातल्या मुली प्रशिक्षणासाठी तिच्या वॉर्डात येतात. मस्कतला व्हेंटिलेटरवरचे सहा-सहा रुग्ण सांभाळणारा माणूस आता पुतळ्यावर छाती दाबायला शिकवतो. मी त्याला विचारलं, कमीपणा वाटतो का. त्याने थोडा वेळ घेतला आणि म्हणाला, पहिलं वर्ष वाटला. तेव्हा दोघांची भांडणंही झाली, ती त्याने लपवली नाहीत.

मुलीचं ठीक झालं. मुलाचं नाही. तो मस्कतमध्ये जन्मलेला, इंग्रजीत वाढलेला. शाळेत त्याच्या तागालोगला मुलं हसायची. वर्षभर तो 'घरी कधी जायचं' विचारायचा आणि त्याचं घर म्हणजे रुवीतला तो फ्लॅट. हे सांगताना दोक्तोराचा आवाज बदलला. रुग्णालयाबद्दल बोलताना तिचा आवाज एकदाही तसा झाला नव्हता. आम्ही गेलो तेव्हा नाताळच्या आधीच्या पहाटेच्या प्रार्थनांचे दिवस होते, १६ ते २४ डिसेंबर. मुलगा चर्चच्या वाद्यवृंदात गिटार वाजवत होता आणि मला बघून 'तिता' (मावशी) म्हणून ओरडला. रुळलाय आता, पण त्याची किंमत त्याने एकट्याने दिली, हे त्याचे आईवडील मान्य करतात.

देवगडकर

धागा बुकमार्क केला. माझी बहीण आणि मेहुणे दुबईत आहेत, दोघं डॉक्टर. आमच्या तालुक्यात एका विश्वस्त संस्थेचं वीस खाटांचं रुग्णालय आहे, ते चालवायला या म्हणून मागे लागलेत. मुलगा पाचवीत. दोक्तोराला विचारून सांगाल का, 'हो' म्हणायच्या आधी काय विचारावं?

सागरवेळ (धागाकर्ती)

देवगडकर, काल रात्री तिच्याशी बोलले. उत्तर लांब आलं, जमेल तसं मांडते.

पहिलं तिने विचारलं, बहीण आणि मेहुणे दोघांनाही काम आहे का तिथे? एकालाच असेल तर दुसऱ्याचं काम आधी शोधा, मग रुग्णालयाचं बोला. रुग्णालय कुठे पळून जात नाही.

मग पैशांचं. पगार किती हे सगळे विचारतात. ती म्हणाली, किती रुपयांपर्यंतच्या खरेदीवर प्रमुखाची एकटीची सही चालते ते विचारा. तिच्याकडे ती मर्यादा इतकी कमी होती की पहिल्या पावसाळ्यात जनरेटरचा एक भाग आणायला वरच्या मंजुरीची वाट बघावी लागली, आणि लसींचा फ्रिज शेजारच्या बर्फाच्या कारखान्यात हलवला. विश्वस्तांकडून हा आकडा लेखी घ्या. आधीचे डॉक्टर का गेले हे विश्वस्तांना विचारू नका, त्या डॉक्टरांना फोन करा. सर्वात जुनी सिस्टर किंवा आया कोण आहे ते बघा आणि तिच्याबरोबर एक पूर्ण रात्रपाळी काढा, सुट्टीत येऊन. रात्री दोन वाजता कोण फोन उचलतं, रक्त कुठून येतं, भूल द्यायला कोण येतं, हे तेवढ्या एका रात्रीत कळतं.

सलग किती दिवस सुट्टी मिळेल आणि त्या काळात जबाबदारी कोणाकडे, हेही लिहून घ्यायला सांगितलंय. तिला पहिली दोन वर्षं हे नव्हतं. मुलगा पाचवीत आहे म्हटल्यावर तिने लगेच विचारलं की त्याला मराठी वाचता येतं का. येत नसेल तर दुबईतच आजपासून सुरू करा म्हणाली, आणि येत्या मे महिन्यात त्याला महिनाभर आजीकडे ठेवून बघा, आईबाबांशिवाय.

ती तुमच्या बहिणीशी स्वतः बोलायला तयार आहे. तिकडची वेळ दुबईच्या चार तास पुढे, रविवारी दुपारनंतर मोकळी असते. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी दोघींची गाठ घालून देते.